मालक गाव सोडून गेले, सबब परत

चिंचधरा, ता. सेलू, जि. वर्धा
दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. वर्षालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला नेऊन एकोणीस दिवस झाले आणि मी आज पत्राला बसलो, याबद्दल आधी कान पकडतो. पस्तीस वर्षं खांद्यावर पिशवी टाकून लोकांची पत्रं वाटली, पण स्वतः लिहायची वेळ फारशी आली नाही. तू इंग्लंडात होतीस तेव्हा फोनवर तुझं तोंड दिसायचं. आता तुरुंगातून आठवड्याला पाच मिनिटं मिळतात, आणि ती तुझी आई रडण्यात घालवते. म्हणून हा कागद.

गावात सध्या दुसरा विषय नाही. वासुदेवराव गुरुजी पारावर बसून सगळ्यांना सांगतात की आपला देश आपली माणसं परक्याच्या हाती देतच नसतो. मी त्यांना विचारलं, मग दिल्लीचे पोलीस माझ्या पोरीला नालवाडीहून, आमच्या अंकुशच्या घरून, काय हळदीकुंकवाला घेऊन गेले? तेव्हापासून गुरुजी माझ्याशी बोलत नाहीत. मला तर कळतच नाही. इंग्रजांनी बोट दाखवलं की आपण आपलं माणूस बांधून द्यायचं असेल, तर मग ते सत्तेचाळीस साली गेले कशाला?

तुझ्या वकील मयुरीताईंशी फोनवर बोललो. नागपूरची बाई निघाली, बोलायला बरं वाटलं. त्यांनी मला शाळकरी मुलाला सांगावं तसं सांगितलं. प्रत्येक देशाशी आपला वेगळा करार असतो. काही करारांत असं लिहिलंय की आपला नागरिक द्यायचा नाही, त्याच्यावर खटला इथेच चालवायचा. इंग्लंडच्या करारात तशी सूट नाही. दिल्लीचे न्यायाधीश तू दोषी की निर्दोष हे बघणार नाहीत, फक्त पाठवण्याजोगं प्रकरण आहे का एवढंच बघतील, आणि शेवटचा शब्द सरकारचा. पण सरकारला विनंती करता येते की आमचं माणूस आहे, आम्हीच इथे विचारू. मयुरीताई ती करणार आहेत. मी त्या एका विनंतीवर सध्या जेवतो आणि झोपतो.

तुझ्या आईचं वेगळंच. ती म्हणते, लेकीले सासरी धाडतानी बी आपण पाठराखीण देतो, मंग ह्या सरकारनं वर्षीसंगं कोणाले धाडाचं ठरवलं हाये? मी म्हटलं, पोलीस. तेव्हापासून माझ्या चहात साखर नाही.

तूर काढून झाली. हरभरा बरा आहे. कपिलेला गोऱ्हा झाला, तुझ्या आईनं त्याचं नाव काही ठेवलेलं नाही, म्हणते वर्षी आल्यावर ठेवील.

तब्येतीला जप, आणि या म्हाताऱ्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
बाबा (रूपराव)

•

दिल्ली
दि. २ मार्च २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बारा दिवसांनी मिळालं. इथे पत्र वाचून मग देतात, आणि मराठी वाचणाऱ्या बाई फक्त शुक्रवारी येतात. हातात देताना त्या हसत होत्या. तुमचं हळदीकुंकू त्यांना फार आवडलं. मी बरी आहे. बराकीत सगळ्या मला सिस्टर म्हणतात. कुणाचं डोकं दुखलं तरी माझ्याकडे येतात, औषध नसलं तरी नाडी बघितली की त्यांना बरं वाटतं.

बाबा, मी परत आले तेव्हा तुम्ही काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आता ते सगळं फाइलमध्ये आहे, तेव्हा माझ्याकडूनच ऐका.

मी ज्या वृद्धाश्रमात नर्स होते तिथे हॅरल्ड नावाचे आजोबा होते, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. त्यांना गिळायला त्रास व्हायचा. सगळं अन्न वाटून, पातळ करून द्यायचं, अशी पाटी त्यांच्या खाटेवर होती. २०२३ च्या दिवाळीला माझी ड्यूटी होती. आईनं पाठवलेले रव्याचे लाडू डब्यात होते. मी दारात उभी राहून खात होते, त्यांनी मागितला. आपल्याकडे दिवाळीला मागणाऱ्या माणसाला कुणी नाही म्हणत नाही. मी कुस्करून दिला. तेवढ्यात दुसऱ्या खोलीची घंटा वाजली आणि मी गेले. परत आले तेव्हा त्यांचा श्वास अडकला होता. ते वाचले नाहीत. लाडवाचं आईला सांगू नका. माझी शपथ आहे.

पोलिसांनी एकदा जबाब घेतला. मी सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, पुन्हा बोलावू. नोकरी गेली, तिथे राहायची परवानगी संपली, म्हणून घरी आले. तिकडचा फोन बंद झाला, पण पत्ता मी देऊन आले होते. गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन, तुम्ही शिकवलं त्याच क्रमानं. मग नालवाडीला अंकुशदादाकडे राहून दवाखान्यात लागले आणि रोज वाट पाहिली. वर्षभर काही आलं नाही. मला वाटलं, त्यांनी प्रकरण मिटवलं. पत्र आलं असतं तर मी गेले असते, बाबा. घाबरत, पण गेले असते. बोलावल्याशिवाय जायची हिंमत नव्हती, एवढंच.

आता कळतं की पत्र आलं होतं. जून २०२४ मध्ये, आपल्या पत्त्यावर, रजिस्टरनं. ते शेरा मारून परत गेलं. इंग्रजांचं म्हणणं, ही लपून बसली आणि मुद्दाम कागद घेतला नाही. मयुरीताईंना मात्र यात आशा दिसते. पोस्टमननं चुकीचा शेरा मारला असं सिद्ध झालं, तर मी पळालेली ठरत नाही. मग जामीन मिळू शकेल आणि इथेच खटला चालवा या विनंतीलाही वजन येईल. तुमच्यानंतर गावचं टपाल वाटणाऱ्या श्रावणकाकांकडून तुम्ही तेवढं लिहून घ्याल का? तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. त्यांच्या नोकरीला धक्का लागेल का, तेही विचारा.

आईला आणि अंकुशदादाला नमस्कार. गोऱ्ह्याचं नाव ठेवून टाका, तो बिनानावाचा किती दिवस राहणार?

तुमच्या मायेतली,
वर्षाली

•

चिंचधरा
दि. २४ मार्च २०२५

चि. वर्षालीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. ऊन वाढलं आहे. तिकडे कूलर आहे का ते कळव. आई बरी आहे. अंकुश पुढच्या महिन्यात दिल्लीला येईल, त्याच्याबरोबर सुती कपडे पाठवतो.

श्रावण सध्या कामात असतो. मुलीचं लग्न काढलंय. बघतो.

बाबा

•

दिल्ली
दि. ११ एप्रिल २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र इतकं लहान होतं की वाचणाऱ्या बाईंनी उलटून पाहिलं, मागे काही आहे का म्हणून.

मंगळवारी तारीख होती. त्या परत गेलेल्या पाकिटाचा फोटो फाइलमध्ये आहे. इंग्रजांनी शेऱ्याचं भाषांतरही करून घेतलंय. मी मूळ पाहिलं. ‘मालक गाव सोडून गेले, सबब परत.’ न्यायाधीशांनी मालक म्हणजे कोण असं विचारलं. टपालाच्या भाषेत ज्याच्या नावाचं पत्र तो मालक, हे मीच सांगितलं. पोस्टमनची मुलगी आहे मी.

बाबा, आधी पूर्ण ओळीची रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगायचं, असं लिहिणारा माणूस आपल्या पंचक्रोशीत एकच आहे. मला अक्षरं त्यानंच शिकवली.

मी मयुरीताईंना काही बोललेले नाही. श्रावणकाकांकडून काही लिहून घेऊ नका. एवढंच.

वर्षाली

•

चिंचधरा
दि. २० एप्रिल २०२५

माझ्या बाळे वर्षू,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो. अनेक आशीर्वाद.

तो शेरा माझा आहे. खाली श्रावणची सही आहे, तीही मीच केली.

श्रावणला कधी अडचण आली की तो पिशवी माझ्याकडे ठेवून जातो, हे सगळ्या गावाला माहीत आहे. नियमात बसत नाही, पण निवृत्त झाल्यापासून वर्षातून चार-पाच वेळा त्याचा फेरा मी मारायचो, आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला जेवण गोड लागायचं. चौदा जूनला तो मुलीसाठी स्थळ बघायला अल्लीपूरला गेलता. मी पारावर बसून टपाल लावत होतो, तर तुझ्या नावाचं पाकीट. राजाचं चित्र असलेलं तिकीट. मला इंग्रजी तुझ्याइतकं येत नाही, पण ‘पोलीस’ हा शब्द मी कुठल्याही भाषेत ओळखतो.

तू परत आलीस तेव्हा रात्ररात्र बसून असायचीस. नालवाडीला गेल्यावर कुठे जरा हसायला लागली होतीस. मी ते पाकीट खिशात घातलं आणि बाकीची अकरा पत्रं वाटली. एकासाठी नाला ओलांडून शेतापर्यंत गेलो. मग मंदिराच्या ओट्यावर बसून शेरा लिहिला. तू नालवाडीला होतीस, म्हणजे गाव सोडून गेली हे काही खोटं नाही, अशी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी श्रावणनं न वाचता ते परतीच्या थैलीत टाकलं. गुरूनं लावलेलं टपाल तो कशाला तपासेल?

तुला माहीत नसेल, तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. एका माणसाला कोर्टाची नोटीस होती. तो माझ्या पाया पडला, की रूपराव, नाही सापडलो म्हणून लिहा. मी त्याला म्हटलं, कागद परत जाईल, पण आतला मजकूर परत जाणार नाही, तो वाढून येईल. ज्याच्या नावाचं त्याच्या हाती, हा माझा पस्तीस वर्षांचा धर्म. आख्ख्या नोकरीत तो एकदाही मोडला नाही, आणि मोडला तो स्वतःच्या लेकीच्या पत्राला. तू वाट पाहत होतीस हे मला माहीत नव्हतं गं. मला वाटलं, मी तुला वाचवलं.

श्रावणला परवा घरी बोलावून सगळं सांगितलं. तीन वर्षांनी त्याची निवृत्ती आहे. तरी तो म्हणाला, काका, तुमी खरं सांगून टाका, मी बी सांगतो का पिशवी मीच देल्ली होती. कालच सेलूला जाऊन दोघांनी प्रतिज्ञापत्रं केली. मयुरीताई म्हणाल्या, यानं पोस्टमनच्या चुकीचा मुद्दा गेला, पण तू लपली नव्हतीस हे न्यायाधीशांना कळेल. आता कदाचित माझीही चौकशी होईल. होऊ दे.

तुझी शपथही मी मोडली. एक लपवलेलं सांगायला बसलो तर दुसरं पोटात राहीना. आईला लाडवाचं सांगितलं. तिचा मजकूर खाली देतो, ती बोलली तसाच. मला सुधारू देत नाही.

“वर्षे, तुह्या बापानं सांगतलं. मी दोन दिस जेवली नाई. मंग मनात आलं, त्या बुढ्या बाबानं माह्या हातचा लाडू मांगून खाल्ला, तं त्याले गोड लागला का? एवढं मले लिवून धाडजो. बाकी काही नको मले. तुई आई.”

माझ्यावर रागाव, हक्क आहे तुझा. पण लिहीत राहा.

तुझा,
बाबा

•

दिल्ली
दि. १८ मे २०२५

ती. बाबांस आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, मी रागावले. खूप रागावले. पत्र उशीखाली सारलं आणि तीन दिवस त्याला हात लावला नाही. माझं होतं ते, तुम्हाला परत पाठवायचा काय अधिकार? चौथ्या दिवशी ते पुन्हा वाचलं, तर नाला ओलांडल्याचं वाक्य आलं. खिशात माझं पाकीट घेऊन तुम्ही दुसऱ्याच्या पत्रासाठी नाल्यातून चालला होता. तिथे मला रडू आलं आणि राग गेला. सगळा नाही, पण राहायला जागा होईल इतका गेला.

आई, तू विचारलंस त्याचं उत्तर देते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. सगळ्यांनी विचारलं की तुकडा केवढा होता आणि घंटा किती वाजता झाली. त्यांना लाडू गोड लागला. पहिला घास खाल्ल्यावर त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, हा वास मला माहीत आहे, माझी आई नाताळात बनमध्ये हेच घालायची. वेलदोडा, आई. मग त्यांनी त्यांच्या मुलीचं नाव घेतलं आणि म्हणाले, ती रविवारी येईल, तिच्यासाठी एक ठेव. मी ठेवते म्हटलं. दुसरा घास दिला आणि घंटा वाजली. डब्यात मी खरंच एक वेगळा काढून ठेवला होता.

हे लिहिताना माझ्या लक्षात आलं. तुझ्यासारखंच तिकडेही कुणीतरी दीड वर्षापासून हेच विचारत असेल. त्यांच्या मुलीला नुसते कागद मिळाले असतील, त्यात आपल्या वडिलांचा श्वास अडकला एवढंच लिहिलेलं. शेवटी त्यांनी तिची आठवण काढली, हे जगात एकट्या मला माहीत आहे. म्हणजे बाबा, तिच्या नावाचं एक टपाल इतके दिवस माझ्याच पिशवीत पडून आहे.

काल मी मयुरीताईंना सांगितलं की आता विरोध करू नका, मला पाठवू दे. त्यांनी मला दोन तास समजावलं. इथेच खटला चालवण्यासाठी झगडता येईल, वरच्या कोर्टात जाता येईल, पाच-सात वर्षं सहज निघतील. मी म्हटलं, आणि ती मुलगी? ती साक्षीला चिंचधऱ्याला येणार का? माझ्या हातून चूक झाली ती तिथे झाली. पाटी मी वाचली होती. माझा देश मला टाकून देतोय असं मला वाटत नाही. मी कुणाची तरी देणेकरी आहे तिथे तो मला नेऊन पोचवतोय, असं वाटतं. तुम्ही पारावर याच्या उलट भांडत आहात हे मला ठाऊक आहे. आता गुरुजींशी समेट करा, दोघेही हरलात.

बाबा, मला अडवू नका. एकदा अडवलंत तेवढं पुरे झालं.

दोघांचे आशीर्वाद सोबत असू द्या.

तुमची,
वर्षाली

•

चिंचधरा
दि. २४ ऑगस्ट २०२५

चि. वर्षालीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मयुरीताईंमार्फत तिकडे पोचेल. दिल्लीहून काल परतलो. भेटीच्या वेळी काचेपलीकडे तू बोलत होतीस आणि मी नुसता मान हलवत होतो. एवढा प्रवास करून आलेल्या माणसानं काहीतरी बोलायला हवं होतं. जे बोलायचं होतं ते लिहितो.

तुझं मे महिन्यातलं पत्र आलं तेव्हा मी महिनाभर हट्ट धरला होता, तुला माहीत आहे. मयुरीताईंना तीनदा फोन करून म्हटलं की पोरगी भावनेच्या भरात बोलते, तिचं ऐकू नका. माझं म्हणणं एकच होतं, की स्वतःच्या लेकराला असं कुणी देतं का. मग तुझ्या आईनं मला विचारलं, त्या बुढ्याची जी पोरगी हाये, ते कोणाचं लेकरू नाई का? मी उठून गोठ्यात गेलो.

मयुरीताईंनी सरकारचा आदेश वाचून दाखवला. त्यात एक गोष्ट मला आवडली. ज्या एका आरोपासाठी तुला दिलं, त्याच एकाबद्दल विचारायचं, दुसरं काही मागे लावायचं नाही, असं त्या देशाला बंधन आहे. आपल्या वकिलातीची माणसं तुला भेटतील. म्हणजे सरकारनंही माणूस रजिस्टर करूनच पाठवलं, साध्या टपालात टाकलं नाही. आणि तुला घेऊन जायला आलेल्या तिकडच्या दोन्ही पोलीस बायकाच होत्या. तुझ्या आईला सांगितलं की पाठराखीण एक मागितली होतीस, दोन मिळाल्या. ती हसली. जानेवारीनंतर पहिल्यांदा.

माझी चौकशी झाली. श्रावणला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. मला टपाल कार्यालयाच्या आतल्या बाजूला पाय ठेवायची मनाई झाली. आता खिडकीसमोर रांगेत उभा राहतो, गिऱ्हाईक म्हणून. वाईट वाटतं. पण रास्त आहे.

तुला पाठवताना माझं काळीज तुटलं, वर्षू. हे तिथे, काचेसमोर सांगायचं होतं. आणि हेही, की मला तुझा अभिमान आहे.

तिथल्या थंडीत कानाला बांधत जा. आमच्यावर जीव असू दे.

तुझा,
बाबा

•

इंग्लंड
दि. १७ डिसेंबर २०२५

ती. बाबांस व ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

निकाल लागला. मी गुन्हा कबूल केला होता. न्यायाधीश बाई म्हणाल्या की दयेपोटी केलेलं असलं तरी निष्काळजीपणाच होता, पाटी दयेपेक्षा मोठी होती. दोन वर्षं. इथल्या नियमानं अर्धी आत काढायची, आणि दिल्लीचे महिने त्यात धरले. म्हणजे जानेवारीच्या शेवटी मी सुटेन, आणि मग हेच सरकार तिकीट काढून मला भारतात परत पाठवेल. एका सरकारनं आणून पोचवलं, दुसरं परत पोचवणार. आई, तुझ्या लेकीचा थाट बघ.

हॅरल्ड आजोबांची मुलगी कोर्टात होती. पन्नाशीची आहे, शाळेत शिकवते. शिक्षा सुनावण्याआधी मला बोलायला दिलं. मी तिच्याकडे बघून सगळं सांगितलं. बनचा वास, डोळे मिटले ते, तिचं नाव, रविवार. ठेवलेल्या लाडवाचंही सांगितलं. माझी इंग्रजी मध्येच अडखळली. ती रडली नाही. फक्त दोन्ही हात तोंडावर ठेवून बसून राहिली. नंतर तिच्या वकिलामार्फत चिठ्ठी आली. मी माफ करू शकेन की नाही माहीत नाही, असं लिहिलंय. आणि खाली, तो लाडू कसा करतात ते कळवशील का?

बाबा, पोचतं केलं. आईनं कृती सांगावी, मी भाषांतर करीन. रवा किती भाजायचा ते तिला रंगावरून नको, मिनिटांत सांगायला सांगा. तिकडच्या लोकांना रंग कळत नाही.

हे पत्र माझ्या इथल्या वकील बाई सही लागणाऱ्या टपालानं पाठवणार आहेत. पत्ता मीच लिहिलाय. त्याच क्रमानं.

तुमची,
वर्षाली

•

चिंचधरा
दि. ६ जानेवारी २०२६

चि. सौभाग्यकांक्षिणी माझी लेक वर्षाली हिस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. श्रावणनं सायकल अंगणात लावली आणि दारातून नुसती हाक मारली नाही, पूर्ण नाव घेतलं. रूपराव फलाणे कुठे राहतात म्हणून विचारलं. पंचवीस वर्षं माझ्या हातचा चहा प्यायलेला माणूस. मी म्हटलं, मीच तो. तो म्हणाला, ओळखपत्र दाखवा. मी आत जाऊन आधार कार्ड आणलं. त्यानं फोटो बघितला, माझं तोंड बघितलं, पुन्हा फोटो बघितला. तुझी आई दारात उभी राहून हसता हसता डोळे पुसत होती.

आता कागदावर सही नसते. मोबाइलच्या काचेवर बोटानं करायची असते. मी दोनदा पुसून पुन्हा केली. मग श्रावणनं मला ती शेऱ्यांची यादी दाखवली. घर बंद. घेण्यास नकार. पत्ता अपुरा. गाव सोडून गेले. त्या ओळीवरून श्रावणनं बोट भरकन वर सरकवलं. सगळ्यात वर होतं, पोचले. ते खरं तर त्यानं दाबायचं असतं. त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, काका, हे तुमीच दाबा, ह्या वक्ताले चालते.

मी दाबलं.

तुझ्या आईची कृती सोबतच्या कागदावर आहे. लाडवाचं कळल्यापासून तिनं कढईत रवा टाकला नव्हता. काल घड्याळ समोर ठेवून भाजला आणि मला मिनिटं मोजायला बसवलं. मंद आचेवर चोवीस. त्या बाईंना लिही, वेलदोडा शेवटी घालायचा. आणि त्यांच्या वडिलांच्या खाटेवरच्या पाटीवर लिहिलेलं पाळलं गेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं, असं एका पोस्टमननं सांगितलं आहे, हेही लिही. मला दुसरं काही सुचत नाही.

गोऱ्हा आता दावं तोडतो. त्याला अजून नाव नाही, तुझ्याकडून हवं आहे.

सुटकेची तारीख आणि विमान कळव. अंकुश म्हणाला, बाबा, तुम्ही नागपूरला कशाला येता, थंडी आहे, मी वर्षीला घरी घेऊन येतो. तुझी आई म्हणाली, तुह्या बापाले अडवू नको, तुले नाई समजत. मी आदल्या दिवशीच येऊन विमानतळाच्या दारात बसणार आहे. दुसऱ्या कुणाच्या हाती नको. तू बाहेर आलीस की इकडेतिकडे शोधत बसू नकोस, वर्षू. या वेळी मालक पत्त्यावर आहे.

वाट पाहणारा,
बाबा